मुदतपूर्व जन्मलेल्या बाळाचे दुसरे वर्ष

गर्भारपणाचे पूर्ण 40 आठवडे धरले, तर 32व्या आठवड्यात जन्मलेले मूल दीड वर्षाचे झाले तरी त्याची वाढ सोळा महिन्यांच्या मुलाशी ताडून पाहावी. हे सुधारित वय साधारण दोन वर्षांपर्यंत मोजतात. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्याव्यात. “शेजारचा कधीच चालायला लागला” असे आजी म्हणाल्या, की हा हिशेब त्यांना कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवावा. निम्मा वाद तिथेच मिटतो.

ज्वारीची कडक भाकरी हातात न देता दुधात किंवा पातळ वरणात भिजवून, बोटांनी चुरून, गुठळी राहिली नाही ना हे पाहून भरवावी. अख्खे शेंगदाणे घशात अडकू शकतात, म्हणून ते टाळावेत. शेंगाचटणी मोठ्यांच्या ताटातच बरी.

जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेचा मोह होतो, पण अशा मुलांना श्वसनाचे संसर्ग अधिक त्रास देतात, तेव्हा गर्दीची वेळ टाळावी आणि घरात कोणी खोकत असेल तर त्याने बाळाला उचलू नये. सुधारित वय दीड वर्ष होऊनही मूल चालत नसेल, किंवा सतत एकच हात वापरत असेल, तर “होईल हळूहळू” म्हणत न थांबता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. डोळ्यांची व कानांची तपासणी राहिली असल्यास तीही त्याच वेळी करून घ्यावी.