सीयूईटीचं इंग्रजी : दरवर्षी त्याच त्या चुका

बारावीची लेखी परीक्षा संपली की मुलं-मुली माझ्याकडे येऊ लागतात. मागणी ठरलेली असते : "मॅडम, शब्दांची यादी द्या." वाचायला काय घेऊ, असं विचारणारे वर्षाला दोन किंवा तीन. सीयूईटीच्या, म्हणजे केंद्रीय आणि इतर काही विद्यापीठांतल्या पदवी प्रवेशासाठीच्या सामायिक परीक्षेच्या, इंग्रजीत जे गुण जातात, त्यातले निम्मे मला या पहिल्याच मागणीत दिसतात, म्हणून सुरुवात यादीपासूनच करते.

दोन वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी आली. हुशार, कष्टाळू. तिच्याकडे दोनशे पानी दोन वह्या होत्या. डावीकडे लाल शाईत इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. दोन हजारांहून अधिक शब्द तिने पाठ केले होते आणि कुठलाही विचारला तरी अर्थ सांगायची. सराव परीक्षेत तिला भूजलावरचा उतारा आला. त्यात भूजलाची घसरण 'अरेस्ट' करण्यासाठी उचललेल्या पावलांचा उल्लेख होता. 'अरेस्ट'चा इथला अर्थ विचारला होता आणि पर्यायांत 'हॉल्ट' (थांबवणे) होतं, 'डिटेन' (ताब्यात ठेवणे) हेही होतं. तिने 'डिटेन' निवडलं, कारण वहीत 'अरेस्ट म्हणजे अटक करणे' असं लिहिलेलं. पुढे 'नॉव्हेल मेथड' (नवी पद्धत) आलं, तिथे तिला कादंबरी आठवली. 'ग्रेव्ह कन्सर्न' (गंभीर चिंता) यात थडगं. तीन प्रश्न चुकले. पेपर बघताना ती म्हणाली, "मॅडम, हे शब्द तर मला सातवीपासून येतात."

तिला ते तेवढेच येत होते, एका अर्थाने. परीक्षेत विचारतात तो त्या वाक्यातला अर्थ, आणि तो एकशब्दी यादीत सापडत नाही. अवघड शब्दांपेक्षा असे ओळखीचे, साधे शब्दच जास्त गुण खातात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

मी आता कुणालाच यादी देत नाही. रोज एक संपादकीय वाचायला सांगते आणि त्यातले जास्तीत जास्त पाच शब्द वहीत घ्यायला, पण अख्ख्या वाक्यासकट. आधी वाक्यावरून अर्थाचा अंदाज पेन्सिलीने लिहायचा, मग शब्दकोश उघडायचा. तीन दिवसांनी तो शब्द झाकून वाक्य वाचायचं आणि रिकाम्या जागी काय बसेल ते आठवायचं. 'योग्य शब्द निवडा' हा प्रश्न नेमका हेच करायला लावतो. भूक लागते, थंडी वाजते, ताप चढतो. कुठल्या नामाला कुठलं क्रियापद लागतं हे आपल्याला कुणी तक्ता करून शिकवलं नाही, ऐकून-वाचून ते आत गेलं. इंग्रजीतही 'क्राइम'सोबत 'कमिट' येतं आणि 'मिस्टेक'सोबत 'मेक', ते असंच आत जातं. याला तीन महिने लागतात. "पंधरा दिवसांत होईल असं काही सांगा" म्हणणाऱ्यांना मी खरं तेच सांगते : पंधरा दिवसांत शब्दसंग्रह होत नाही. त्या दिवसांत उतारे सोडवा.

उताऱ्यांवरची मोठी चूक म्हणजे उतारा न वाचता उत्तर देणं. सगळे म्हणतात, आम्ही वाचतो. पण विषय ओळखीचा निघाला की मुलं स्वतःच्या माहितीवरून खूण करतात. उतारा प्लास्टिकवर असतो, त्यात लेखक सरसकट बंदीच्या विरोधात लिहितो, आणि निम्मा वर्ग लेखकाला बंदीचा समर्थक ठरवून मोकळा होतो, कारण शाळेतल्या निबंधात आपण तसंच लिहीत आलो. माझा नियम साधा आहे : ज्या ओळीवरून उत्तर दिलं, तिच्यावर बोट ठेवता आलं पाहिजे. सरावात मी प्रत्येक उत्तरासमोर ओळीचा क्रमांक लिहायला लावते. पहिले आठ-दहा दिवस वेग कमी होतो, मुलं कुरकुरतात, मग वेग आपोआप परत येतो. 'ऑल', 'ओन्ली', 'नेव्हर' असलेल्या पर्यायाला तर ओळ सापडल्याशिवाय हात लावू नका. प्रश्नातला 'नॉट' न दिसणं ही चूक दर परीक्षेत कुणीतरी करतंच.

"आधी प्रश्न वाचा, मग उताऱ्यात उत्तर शोधा" ही युक्ती फार लोकप्रिय आहे. मला ती पटत नाही. उतारा तथ्यांचा असेल तर निभावते. कथनाचा किंवा साहित्यिक उतारा असेल, तर सूर आणि हेतू विचारतात, आणि ते शोधून सापडत नाहीत, सलग वाचूनच कळतात. चारशे शब्द सलग वाचायला दोन-तीन मिनिटं पुरतात.

व्याकरणात आपल्या मुलांच्या चुका बहुतेक मराठीतून येतात, आणि हे एकदा दिसलं की त्या लवकर सुटतात. मराठीत 'सोमवारपासून' आणि 'तीन दिवसांपासून', दोन्हीकडे 'पासून' चालतं. इंग्रजीत सोमवारला 'सिन्स' लागतं, तीन दिवसांना 'फॉर'. शिवाय आपण 'पाच वर्षांपासून इथे राहतो' असा साधा वर्तमानकाळ वापरतो, तिथे त्यांना 'हॅव बीन लिव्हिंग' हवं. आपल्याकडे कुणा'शी' लग्न होतं, म्हणून 'मॅरीड विथ' बरोबर वाटतं, हवं असतं 'मॅरीड टू'. एखाद्या गोष्टी'बद्दल' चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस अबाउट', पण 'डिस्कस'ला 'अबाउट' लागतच नाही. 'वन ऑफ माय'नंतर अनेकवचन येतं. चुकलेलं प्रत्येक वाक्य मराठीत करून बघा, चूक कुठून आली ते बहुतेकदा तिथेच कळतं.

वाक्यांचा क्रम लावताना पहिलं वाक्य शोधत बसू नका. आधी एकमेकांना घट्ट चिकटणारी दोन वाक्यं शोधा : नाव एका वाक्यात आणि त्याच्याऐवजी आलेलं 'ही' (he) किंवा 'दिस' (this) दुसऱ्यात. ती जोडी नसलेले पर्याय लगेच गळतात.

आता जुन्या सराव संचांबद्दल. सीयूईटी 2022 मध्ये सुरू झाली. तेव्हा इंग्रजीत 50 पैकी 40 प्रश्न सोडवायचे आणि वेळ 45 मिनिटं, असं होतं. 2025 पासून 50 प्रश्न, सगळे अनिवार्य, वेळ 60 मिनिटं, गुण 250. तरीही "दहा सोडले तरी चालतात" असं शिकून आलेली मुलं भेटतात. जुने प्रश्न सरावाला घ्या, पण आराखडा आजचा ठेवा : एका प्रश्नाला 72 सेकंद.

याला जोडूनच दुसरी एक चूक आहे, ती भीतीची. बरोबर उत्तराला 5 गुण, चुकीला वजा 1, सोडलं तर शून्य. चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तरी सरासरीने प्रश्नामागे अर्धा गुण मिळतो, आणि दोन पर्याय खात्रीने गळाले असतील तर सरासरी 2 गुण. तरीही दोन पर्यायांत अडकलेले प्रश्न मुलं कोरे सोडतात, कारण 'निगेटिव्ह आहे, हात लावू नको' असं कुणीतरी ठासून सांगितलेलं असतं. हिशेब स्वतः मांडून बघा आणि प्रश्न कोरा ठेवू नका. मात्र ही सवलत शेवटच्या पाच मिनिटांसाठी आहे. पहिल्या फेरीत अंदाज करणारे वाचायचे थांबतात.

एमएचटी-सीईटीत इंग्रजी नाही, म्हणून विज्ञानाची मुलं ते शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. पण सीयूईटीवरून प्रवेश देणाऱ्या दिल्ली विद्यापीठाच्या बी.ए. ऑनर्सच्या बहुतेक अभ्यासक्रमांत भाषेचे गुण थेट गुणवत्ता यादीत मोजतात. शाखा बदलायचा विचार असेल, तर इंग्रजीला आजपासून रोज तास द्या.

शेवटी संगणकाचं, कारण परीक्षा त्यावरच होते. मागच्या वर्षी एका मुलाची सराव परीक्षा घेतली. त्याच्या हिशेबाने सगळे प्रश्न सोडवून झाले होते, निकालात नऊ उत्तरं नोंदलीच गेली नव्हती. तो पर्याय निवडायचा आणि उजवीकडच्या चौकटीतल्या पुढच्या क्रमांकावर टिचकी मारायचा. तसं केलं की आधीचं उत्तर जतन होत नाही, प्रत्यक्ष परीक्षेच्या सूचनांतही हे लिहिलेलं असतं. 'सेव्ह अँड नेक्स्ट' दाबावंच लागतं. उत्तर न निवडता नुसतं 'मार्क फॉर रिव्ह्यू' केलं, तर त्या प्रश्नाचं काहीच मोजत नाहीत. म्हणून आता माझ्याकडची मुलं दर दहा प्रश्नांनंतर थांबून चौकटीकडे बघतात : क्रमांक हिरवा दिसला तर उत्तर नोंदलं गेलं, लाल दिसला तर लगेच मागे जायचं.