दुचाकीच्या सायलेन्सरला पडलेलं भोक : घरी केलेली दुरुस्ती

खानापूर-जांबोटीकडच्या पावसात सायलेन्सर बाहेरून गंजतो असं वाटतं, पण भोक बहुधा आतूनच पडतं. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत तो पुरेसा तापत नाही, धुरातली वाफ आतच पाणी होऊन साचते. म्हणून आधी खालचं बारीक निचऱ्याचं छिद्र तारेनं मोकळं करा. ते गळतीचं भोक समजून बुजवू नका!

गाडी थंड असताना चालू करून सांध्यांवर साबणपाणी लावा. फुगे येतील तिथे गळती. बेंड पाइपच्या (इंजिनापासून सायलेन्सरकडे येणाऱ्या वाकड्या नळीच्या) नटांवर गंज सुटायचं तेल मारून रात्रभर ठेवा. घाई केली की स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) तुटतो आणि काम हेडपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत जातं. बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाडीत धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरची वायर आधी सोडवा. सांध्यातलं जुनं तांब्याचं पॅकिंग दबलेलं असतं, ते परत वापरू नका. सेन्सरच्या आधी गळती राहिली तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर फसतो आणि गाडी विनाकारण जास्त पेट्रोल पिते.

भोकाभोवती टणक पत्रा लागेपर्यंत घासा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून दीड मिलिमीटरचा काळा (जस्ताचा मुलामा नसलेला) पत्रा आणा. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) नको, वेल्डिंगला जस्ताचा धूर होतो आणि त्यानं ताप भरतो. वेल्डिंग सायलेन्सर उतरवूनच करा. वर ६०० अंश सोसणारा रंग, पातळ दोन हात.

सायलेन्सरच्या आतल्या, आवाज दाबणाऱ्या जाळ्या मात्र काढू नका. ताकद वाढत नाही, आवाज वाढतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.