काळा म्हणजे सोपा रंग, असं समजू नका: काळे कपडे घेताना आणि वापरताना या चुका टाळा

सभागृहातल्या पिवळ्या दिव्यांखाली माझं जॅकेट आणि पँट अगदी जोडीची वाटत होती. कार्यक्रम संपवून उन्हात आले आणि खाली पाहिलं, तर जॅकेट निळसर काळं आणि पँट चक्क तांबूस! दोन्ही मी 'काळं' म्हणूनच घेतलं होतं. तेव्हापासून काळ्यावर काळं घालायचं असेल, तर दोन्ही कपडे आधी खिडकीशी नेऊन शेजारी शेजारी धरते.

काळ्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. काळा एकच असतो, असं आपण धरून चालतो. आपली भाषा मात्र तसं मानत नाही. केस काळेभोर, डोह काळाशार, रात्र काळीकुट्ट; यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी नीट बसत नाही. कापडाचंही तसंच आहे. सुती कापडावरचा काळा बहुतेक वेळा गर्द निळ्या रंगात नारिंगी, लाल अशा छटा मिसळून साधलेला असतो. मिश्रणाचं प्रमाण बदललं की काळ्याची झाक बदलते, आणि दिवा बदलला की ती झाक उघडी पडते. म्हणून दुकानातल्या उजेडावर विसंबू नका. आणि दोन काळे जुळतच नसतील, तर जुळवायचा अट्टहास सोडा. लोकरीचा मंद काळा आणि साटनचा चमकता काळा एकत्र आले की फरक ठरवून केल्यासारखा दिसतो. वाईट दिसतात ते जवळजवळ सारखे असलेले दोन काळे.

नखशिखांत काळं घातलं आणि तरीही मजा आली नाही, असं होतं त्याचं कारणही बऱ्याचदा पोतातच सापडतं. सगळं एकाच पोताचं असलं की चुण्या, शिवणी, कट काहीच नजरेत भरत नाही. मखमल, जाळी, चामडं, खादीसारखं खरबरीत कापड, यातलं काहीतरी एक मध्ये येऊ द्या.

'काळ्यात बारीक दिसतं' हे अर्धंच खरं. काळ्यावर सावल्या दिसत नाहीत, त्यामुळे आतले उंचवटे आणि वळ्या लपतात. पण मागची भिंत फिकी असेल, तर शरीराची बाह्यरेषा उलट जास्तच ठळक होते. त्यामुळे काळ्या कपड्याचं फिटिंग चुकलं, खांद्याची शिवण खाली घसरली, तर ते पटकन दिसतं. काळं आहे, खपून जाईल, असं म्हणून ढगळ कपडा घेऊ नका.

आता अर्थाकडे. काळा म्हणजे शोक, किंवा काळा म्हणजे रुबाब, असं एकच लेबल लावून टाकणं ही मला कपड्यांच्या चुकीपेक्षा मोठी चूक वाटते. प्राचीन इजिप्तचे लोक आपल्या देशाला 'काळी भूमी' म्हणत, ती नाईलच्या पुराने आणलेल्या सुपीक गाळावरून. पुनर्जन्माचा देव ओसायरिस तिथे काळ्या वर्णाचाही रंगवला जाई. युरोपात 1419 मध्ये वडिलांचा खून झाल्यावर बर्गंडीचा ड्यूक फिलिप काळं वापरू लागला आणि पुढे तेच त्याच्या दरबाराचं वैभव ठरलं, कारण खोल, न विटणारा काळा रंगवणं तेव्हा अतिशय महागडं काम होतं. राणी व्हिक्टोरियाने 1861 मध्ये पती गेल्यानंतर 1901 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, शोकाचा काळा सोडला नाही. आणि त्यानंतर अवघ्या 25 वर्षांत, 1926 मध्ये, 'व्होग' या फॅशन नियतकालिकाने फ्रेंच डिझायनर कोको शनेलच्या साध्या काळ्या ड्रेसची तुलना फोर्डच्या मोटारीशी केली: सगळ्यांना चालेल असा! 1981 मध्ये जपानी डिझायनर रेई कावाकुबो आणि योहजी यामामोतो पॅरिसला आले, तेव्हा तोच काळा सैल, फाटका, अंगाला न चिकटणारा होऊन आला. शोक, श्रीमंती, सोय, बंड, सगळं एकाच रंगात मावलं. अर्थ ठरवला तो कटने, कापडाने आणि प्रसंगाने. म्हणून दुसऱ्या समाजातल्या अंत्यविधीला किंवा लग्नाला जाताना काळं चालेल का, हे घरच्या कुणाला तरी आधी विचारा. शोकाचा रंग पांढरा असलेलेही अनेक समाज आहेत.

कपडा घरी आल्यावरच्या चुका जास्त महागात पडतात. काळा कपडा राखाडी दिसू लागला की आपण म्हणतो, रंग गेला. थांबा, आधी नीट पाहा. साबणाची पावडर जास्त झाली असेल, तर पांढुरकी पुटं बसतात. साध्या पाण्यातून एकदा खळबळून काढा, बहुतेक वेळा निघतात. तसं झालं नाही, तर कपडा उजेडात तिरका धरा. पृष्ठभागावर बारीक तंतू उभे दिसले, तर तो घासला गेलाय. पुढच्या वेळी उलटा करून, थंड पाण्यात, खरखरीत कपड्यांपासून वेगळा धुवा आणि सावलीत वाळवा. आतल्या दुमडीतला काळा आणि बाहेरचा काळा वेगळा दिसला आणि तंतूही उभे नसले, तर मात्र रंगच उतरलाय. मिठाच्या पाण्यात भिजवून तो परत येत नाही. रंगवताना मीठ रंगाला धाग्याकडे ढकलतं हे खरं, पण तयार कपड्यावरचा रंग त्याने पक्का होत नाही.

गळ्याजवळ किंवा उशीच्या काळ्या अभ्र्यावर नारिंगी ठिपके पडले असतील, तर साबण बदलत बसू नका. मुरुमांवरच्या अनेक क्रीममध्ये बेंझॉइल पेरॉक्साइड असतं, ते रंग खाऊन टाकतं. तो डाग नव्हे, तिथला रंगच गेलेला असतो. धुऊन काय निघणार? क्रीम पूर्ण सुकू द्या आणि झोपताना पांढरा अभ्रा वापरा.

कोपरावर, मांडीवर चकाकी आली, तर समजा की इस्त्री किंवा घर्षणाने तंतू चपटे झालेत. काळ्याला इस्त्री उलट बाजूने करा, नाहीतर वर सुती फडकं ठेवून. चकाकी थोडीच असेल तर वाफ देऊन मऊ ब्रशने तंतू उठवता येतात.

आणि शेवटी कपडा पुन्हा रंगवायचा ठरवलात, तर आधी आतली पट्टी वाचा. सुती कापडाचा रंग पॉलिएस्टर घेत नाही. कापड शंभर टक्के सुती असलं, तरी शिवणीचा दोरा बहुधा पॉलिएस्टरचा असतो. कपडा काळाभोर होऊन बाहेर येतो आणि विटलेले टाके तसेच राहतात.