जुन्या पिकअपचे चार्जिंग तपासताना

इंदूरच्या चोइथराम मंडीत माल उतरवून परतताना जुन्या पिकअपचा बॅटरीचा लाल दिवा लागला, तर लगेच नवी बॅटरी घेऊ नये. आधी अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर वीज तयार करून बॅटरी भरणारे यंत्र) फिरवणाऱ्या पट्ट्याचा ताण पाहावा. काही तास उभ्या असलेल्या गाडीची भरलेली बॅटरी मल्टिमीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू केल्यावर हा आकडा साधारण १३.८ ते १४.५ पर्यंत चढायला हवा. तो चढला नाही, तरी अल्टरनेटरला दोष देण्याआधी, हेडलाइट लावून, चालू इंजिनावर अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामधला फरक मोजावा, तो ०.२ व्होल्टपेक्षा जास्त असेल, तर गंजलेली अर्थिंगची पट्टी (इंजिन, गाडीचा सांगाडा आणि बॅटरीचे ऋण टोक यांना जोडणारी) सोडून, दोन्ही टोके पॉलिश पेपरने चकचकीत घासून पुन्हा आवळावी. चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून पाहण्याची जुनी पद्धत मात्र कटाक्षाने टाळावी, कारण त्या झटक्याने अल्टरनेटरचे डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जळू शकतात.