हुकूमशाही येताना कागद कसे वाचावेत

रणगाडे रस्त्यावर दिसण्याची वाट पाहिली तर हमखास उशीर होतो. हुकूमशाही बरेचदा राजपत्रातून, सही-शिक्क्यानिशी येते. म्हणून आधी आदेशाचा मूळ मजकूर मिळवा आणि त्यात मुदत शोधा. तो कधी संपणार? मुदतवाढ कोण देणार? अटकेतल्या माणसाला किती तासांत न्यायाधीशापुढे उभं करायचं? प्रस्तावनेत संकटाचं वर्णन कितीही भयंकर असो, या प्रश्नांची उत्तरं नसतील तर तिथेच थांबा.

27 फेब्रुवारी 1933 च्या रात्री जर्मनीत राइशस्टागला, म्हणजे संसदेच्या इमारतीला आग लागली. दुसऱ्याच दिवशी निघालेल्या आदेशाने भाषण, छपाई, सभा आणि टपाल-टेलिफोनची गोपनीयता हे सगळे हक्क स्थगित केले. मुदतीच्या जागी फक्त ‘पुढील सूचना मिळेपर्यंत’ असं लिहिलं होतं. नाझी राजवट कोसळेपर्यंत तो आदेश उठलाच नाही.

मतमोजणी वाचताना सभागृहात कोण नव्हतं तेही पाहा. 23 मार्च 1933 ला सरकारला संसदेवाचून कायदे करण्याची मुभा 444 विरुद्ध 94 मतांनी मिळाली. निवडून आलेल्या 81 कम्युनिस्टांपैकी एकालाही मत देता आलं नाही. विरोधक बहिष्कार टाकून गणसंख्या (मतदानासाठी लागणारी किमान हजेरी) मोडतील या भीतीने, विनापरवानगी गैरहजर राहणाऱ्याला हजर धरायचं असा नियमही त्याच दिवशी केला गेला. या कायद्याला चार वर्षांची मुदत होती, पण पुढे ती तीनदा वाढवली गेली. मुदत दिसली म्हणून निश्चिंत होऊ नका. ती वाढवणाराच लाभार्थी आहे का, ते तपासा.

निवडणुकीचे नियमही असेच बारकाईने वाचा. इटलीत 1923 च्या कायद्याने पहिल्या क्रमांकाच्या यादीला चौथा हिस्सा मतं पडली तरी दोन तृतीयांश जागा देऊ केल्या.

अशा राजवटीतलं रोजचं जगणं समजून घ्यायचं तर तुरुंगापासून सुरुवात करू नका, घरातल्या वस्तू पाहा. रोमानियात 1983 च्या फर्मानानंतर टाइपरायटर बाळगायला पोलिसांचा परवाना लागे. दरवर्षी आणि दुरुस्तीनंतरही त्या यंत्राच्या अक्षरांचा नमुना जमा करावा लागे, म्हणजे एखादं पत्रक सापडलं की झिजलेल्या अक्षरावरून यंत्र ओळखता येई. प्रत्येकाला पकडायची गरजच उरत नाही. माणूस कागद सरकवण्याआधीच थबकतो. पूर्व जर्मनीत 1989 साली श्टाझीचे, म्हणजे तिथल्या गुप्त पोलिसांचे, सुमारे 91,000 पगारी कर्मचारी होते आणि खबरे त्याच्या जवळपास दुप्पट. खबऱ्या सहकारी असू शकत होता किंवा शेजारी.

त्या काळातल्या माणसांच्या आठवणी नोंदवताना ‘भीती वाटायची का?’ असं विचारलं तर बहुतेक जण ‘नाही’ म्हणून मोकळे होतात, कारण सवयीची झालेली भीती भीती वाटत नाही. त्याऐवजी विचारा: फोनवर काय बोलणं टाळायचात? मुलांना शाळेत काय सांगू नका म्हणायचात? घरी कोण आलं की विषय बदलायचात?