तिशीच्या आत मधुमेह झालेल्यांनी हृदय कसे जपावे

मधुमेह विशीत किंवा तिशीत निघाला की घरातल्या सगळ्यांचे लक्ष साखरेच्या आकड्यावर खिळते आणि हृदयाचा विषय ‘अजून वय काय झालंय’ असे म्हणून पुढे ढकलला जातो. प्रत्यक्षात लवकर सुरू झालेला मधुमेह हृदयासाठी अधिक जोखमीचा असतो, कारण रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला वाढलेली साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांचा मारा पुढची कितीतरी जास्त वर्षे सोसावा लागतो. चाळिशीच्या आत टाइप २ मधुमेह (शरीरात इन्सुलिनचा नीट उपयोग न होण्याचा, जास्त आढळणारा प्रकार) झालेल्या व्यक्तीचा हृदयविकाराचा धोका, तिच्याच वयाच्या निरोगी माणसाशी ताडून पाहिला, तर उतारवयात मधुमेह झालेल्यांपेक्षा अधिक पटींनी वाढलेला आढळतो. त्यातच ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातून असे दिसले, की दक्षिण आशियातील लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे पाच-सहा वर्षे आधी येतो.

येत्या दहा वर्षांतला धोका मोजणाऱ्या कोष्टकांत वयालाच सर्वाधिक वजन दिलेले असते. त्यामुळे २८ वर्षांच्या मधुमेही तरुणाचा आकडा कमीच दिसतो, आणि त्यावर विसंबून निश्चिंत राहणे योग्य नाही. डॉक्टरांना ‘मला आता धोका आहे का’ एवढेच न विचारता, ‘मी पन्नाशीला पोहोचेन तेव्हा मधुमेहाला किती वर्षे झालेली असतील आणि तोवर काय काय सांभाळायचे’ असे विचारावे.

सुरुवात एका वहीपासून करावी. आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात एकाच रुग्णाचे कागद बेळगाव, कोल्हापूर आणि मिरज अशा तीन ठिकाणी विखुरलेले असतात आणि मागचा अहवाल कोणालाच सापडत नाही. एकाच वहीत तारखेसह पाच गोष्टी लिहाव्यात: तीन महिन्यांची सरासरी साखर म्हणजे एचबीए१सी, रक्तदाब, एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण (लघवीतून किती प्रथिन जाते ते) आणि कमरेचा घेर. साधारणपणे एचबीए१सी ७ टक्क्यांच्या आत, रक्तदाब १३०/८० च्या खाली आणि एलडीएल १०० च्या खाली असावे. धोका जास्त असेल तर डॉक्टर एलडीएल ७० च्या खाली आणण्यास सांगतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत हवा. भारतीय माणूस अंगाने सडपातळ दिसला तरी पोटाभोवती चरबी साठवतो, म्हणून केवळ वजनकाट्यावर भरवसा ठेवू नये.

या पाचांपैकी लघवीची तपासणी सर्वाधिक वगळली जाते आणि माझ्या मते तीच सर्वांत बोलकी आहे. हे प्रमाण ३० च्या वर वारंवार येत असेल, तर मूत्रपिंडाबरोबरच हृदयाच्या रक्तवाहिन्यांनाही इजा होऊ लागली आहे, असे समजून उपचार वाढवावे लागतात. टाइप २ मध्ये ही तपासणी निदानापासूनच दरवर्षी, तर टाइप १ मध्ये (शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही तो प्रकार) साधारण पाच वर्षांनंतर दरवर्षी करतात. रक्तदाब घरी मोजताना आधी पाच मिनिटे स्वस्थ बसावे, हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा आणि त्यापूर्वीच्या अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू घेऊ नये.

तंबाखूविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. निपाणी आणि चिक्कोडीच्या पट्ट्यात तंबाखू हे अनेकांच्या घरचे पीक आहे, विड्या वळण्यावर कितीतरी घरे चालली आहेत, त्यामुळे तोंडात तंबाखूची गोळी धरणे किंवा सकाळी मिसरी लावणे याला व्यसन म्हणायलाच लोक तयार नसतात. मात्र निकोटिन धुरातून आले काय किंवा हिरडीतून आले काय, ते नाडीचे ठोके आणि रक्तदाब वाढवते व रक्तवाहिन्या आकसवते. विडी-सिगारेटच्या धुराने तर रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढते. मधुमेह असलेल्या तरुणाने एकच सवय बदलायची ठरवली, तर ती हीच असावी. आईला किंवा आजीला मिसरी सोडायला सांगताना दटावून उपयोग होत नाही. दात दुखतात म्हणून ती लावली जाते, तेव्हा आधी दातांचा इलाज करून घ्यावा. सोडण्यासाठी मदत हवी असल्यास १८०० ११ २३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनाशुल्क बोलता येते.

आहाराचे थोडक्यात सांगायचे तर, उसाच्या या मुलखात गूळ साखरेपेक्षा निरुपद्रवी मानला जातो, परंतु रक्तातील साखर दोन्हींनी वाढते. गोकाकचा करदंट पौष्टिक असला तरी त्यात गूळ असतोच आणि बेळगावच्या कुंद्यात खव्याबरोबर साखर भरपूर असते, म्हणून हे पदार्थ सणापुरते आणि तुकड्यापुरते ठेवावेत. खानापूरकडच्या भातखाऊ घरांत ताटातला भात निम्मा करून त्या जागी उसळ व भाजी वाढवणे हा सर्वांत सोपा बदल ठरतो. रोज अर्धा तास भराभर चालावे.

औषधांबाबत दोन प्रश्न स्वतःहून विचारावेत. पहिला स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीचा: चाळिशीनंतर बहुतेक मधुमेहींना ते दिले जाते, पण त्याआधीही रक्तदाब, तंबाखू, लघवीतील अल्ब्युमिन किंवा घराण्यातील लवकर आलेला हृदयविकार यांपैकी काही असेल, तर ते सुरू करण्याचा विचार केला जातो. दुसरा प्रश्न हृदय व मूत्रपिंडाला संरक्षण देणाऱ्या साखरेच्या गोळ्यांचा: त्यांपैकी एम्पाग्लिफ्लोझिन या गोळीचे पेटंट मार्च २०२५ मध्ये संपल्यावर तिचे स्वस्त पर्याय बाजारात आले आहेत, मात्र टाइप १ मध्ये अशा गोळ्या आपल्या मनाने घेणे धोक्याचे आहे. मूल हवे असलेल्या स्त्रियांनी स्टॅटिन आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांविषयी गर्भधारणेआधीच बोलून घ्यावे. गरोदरपणात मधुमेह झाला असेल, तर बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत साखर पुन्हा तपासावी; मागाहून ती उतरली तरी हृदयाचा धोका पूर्ण टळत नाही.

शेवटी संकटाची तयारी. मधुमेहाने नसा बधिर झाल्या असतील, तर छातीत कळ न येताही झटका येऊ शकतो. अचानक धाप, दरदरून घाम, जबड्यात किंवा पोटाच्या वरच्या भागात दडपण, कारण नसताना आलेला थकवा ही लक्षणे ‘पित्त झालंय’ म्हणून अंगावर काढू नयेत. घाम फुटला की साखर उतरली असेल असे वाटते; ग्लुकोमीटरवर ती लगेच पाहावी, आणि कमी नसेल किंवा छातीत दडपण असेल, तर न थांबता १०८ ला फोन करावा. दुसऱ्याची सॉर्बिट्रेटची (रक्तवाहिन्या सैल करणारी) गोळी जिभेखाली ठेवू नये, तिने रक्तदाब एकदम खाली जाऊ शकतो. कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार यांचे २०२१ मध्ये ४६ व्या वर्षी हृदयविकाराने निधन झाल्यानंतर कर्नाटक शासनाने त्यांच्या नावाने हृदय ज्योती योजना सुरू केली. तिच्यात सहभागी असलेल्या तालुका रुग्णालयांत ईसीजी काढून गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेस इंजेक्शन मोफत दिले जाते. आपल्या तालुक्यात ही सोय कुठे आहे, हे आजच विचारून ठेवावे. जांबोटी-कणकुंबीसारख्या भागात पावसाळ्यात रस्त्याला वेळ लागतो, म्हणून तिथल्या कुटुंबांनी जवळचे ईसीजी केंद्र, वाहनवाल्याचा नंबर आणि चालू औषधांची नावे त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहावीत. औषधांची नावे इंग्रजीतही लिहून ठेवली, तर कोणत्याही रुग्णालयात ती चटकन वाचता येतील.