साइटवर बसवलेल्या पोर्टलला आपलं रूप कसं द्यावं

बेळगाव सीमाभागातल्या खानापूर किंवा निपाणीकडच्या एखाद्या पतसंस्थेची साइट डोळ्यासमोर आणा. वरची पट्टी, बोधचिन्ह संस्थेचं. मधलं सभासद पोर्टल, म्हणजे लॉगिन, खातेउतारा, कर्जाचा अर्ज, सॉफ्टवेअर कंपनीचं आणि निम्मं इंग्रजीत. ते बदलायला लगेच सीएसएस, म्हणजे पानाचे रंग-आकार ठरवणारे नियम, लिहायला बसू नका. आधी तो भाग पानात कसा बसवलाय ते बघा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

त्या भागावर राइट-क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ उघडा. आयफ्रेम, म्हणजे आपल्या पानात बसवलेलं दुसरं पान, दिसली, तर ते दुसऱ्याचं घर. दाराची चौकट तेवढी आपली. उंची, रुंदी, कडा बदलता येतात, पण आपल्या पानाचं सीएसएस आत शिरत नाही. आतला पत्ता वेगळ्या डोमेनचा असेल तर जावास्क्रिप्टलाही ब्राउझर अडवतो. रंग-फॉन्टची सेटिंग आहे का, हे कंपनीला विचारा. नसेल तर नाद सोडा.

‘शॅडो रूट’, म्हणजे पानातलाच पण बाहेरच्या नियमांपासून झाकलेला भाग, दिसला तर बाहेरचे सिलेक्टर (नियम कशाला लागू ते सांगणारी नावं) आत चालत नाहीत, पण सीएसएस व्हेरिएबल (नाव देऊन ठेवलेल्या किमती) पोचतात. कंपनीनं दिलेल्या व्हेरिएबलांच्या किमती तेवढ्या बदला.

साधं एचटीएमएल असेल तर सगळी मोकळीक. फक्त प्रत्येक नियमाआधी पोर्टलच्या बाहेरच्या डब्याचा क्लास लिहा, म्हणजे बाकीची साइट बिघडत नाही.

आता टेम्प्लेट, म्हणजे ज्या साच्यातून पोर्टलची पानं तयार होतात ती फाइल. मूळ फाइलला हात लावू नका, पुढच्या अपडेटमध्ये बदल पुसले जातात. कॉपी करून ती बदला. वर्डप्रेसमध्ये चाइल्ड थीम (मूळ थीमवर आपले बदल वेगळे ठेवणारी थीम) त्यासाठीच असते. दिसणारा मजकूर खुशाल मराठीत करा, पण दुहेरी महिरपी कंसांतली नावं आणि फॉर्ममधली लपलेली फील्ड तशीच ठेवा. त्या लपलेल्या फील्डमध्ये बहुधा सुरक्षा टोकन, म्हणजे अर्ज खऱ्या पानावरूनच आल्याची खूण, असतं. ते गेलं की अर्ज स्वीकारला जात नाही. हँडलबार्ससारख्या टेम्प्लेटमध्ये तिहेरी कंसही टाळा, कारण त्यातून सभासदानं भरलेला मजकूर न गाळता थेट पानात उतरतो.

आपल्याकडे खरी कसोटी लिपीची. इंग्रजीसाठी बेतलेल्या बटणात ‘र्की’सारख्या अक्षराचा वरचा भाग कापला जातो. कन्नडमध्ये चिक्कोडी, हुक्केरी लिहिलं की दुसरा ‘क’ ओळीखाली लोंबतो, तोही कापला जातो. म्हणून बटणाला ठरावीक उंची न देता पॅडिंग (मजकुराभोवतीची आतली जागा) द्या, ओळींची उंची १.६ च्या आसपास ठेवा आणि अक्षरांमधलं अंतर शून्य करा, नाहीतर शिरोरेषा तुटते. मराठी मजकुराला ‘एमआर’ (mr) आणि कन्नडला ‘केएन’ (kn) हा भाषा-कोड लावा. काही देवनागरी फॉन्ट त्यावरूनच मराठी वळणाचे ल आणि श दाखवतात. फॉन्टच्या यादीत देवनागरीमागोमाग कन्नड फॉन्टही हवा. नोटो सान्स दोन्ही लिपींत मोफत मिळतो.

शेवटी कॅशे (ब्राउझरनं साठवलेली जुनी प्रत) साफ करून ३६० पिक्सेल, म्हणजे मोबाइलच्या, रुंदीवर दोन्ही भाषांत चुकीचा पासवर्ड टाकून बघा. चूक दाखवणारे संदेश बहुतेक वेळा इंग्रजीतच राहून गेलेले असतात.